धडा संपल्यानंतरचं

भरतशी माझं पहिलं बोलणं झालं ते महाडच्या एसटी स्टँडवर, आणि तेही मी त्याचं चोरून ऐकत असताना.

जुलैमधला शनिवार होता. पाऊस तिरका येत होता, बाक निम्मा भिजला होता, म्हणून कोरड्या टोकाला मी आणि चंद्राबाई नावाची एक म्हातारी दाटीवाटीने बसलो होतो. तिच्याकडे कसलासा कागद होता. तिने समोरून जाणाऱ्या कुणाला तरी थांबवलं आणि तो वाचून दाखवायला सांगितला. जमिनीच्या वाटणीची रुक्ष नोटीस होती ती. पण वाचणारा प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत होता, अवघड शब्द आला की त्याचा अर्थ सोपा करून सांगत होता. आणि आवाज... आवाज असा की माझी गाडी लागली तरी मी उठले नाही.

"पोलादपूर गाडी लागली," तोच म्हणाला. "आत्ता आजींना सांगत होतात ना, पुढे कापड्याला जायचंय म्हणून?"

"म्हणजे तुम्हीही चोरून ऐकत होतात."

"मी वाचताना श्वास रोखून बसणारं माणूस मला रोज भेटत नाही. लक्ष गेलं."

मी पांढरी काठी उलगडली. हा आता माझा दंड धरून मला गाडीत कोंबणार, सगळे तेच करतात, म्हणून मी अंग चोरलं. पण तो फक्त पुढे चालत राहिला आणि बोलत राहिला, आणि मी त्याच्या आवाजामागून नीट पायरीपर्यंत पोचले. त्या पाच मिनिटांत मी त्याची सगळी माहिती काढली. नाव भरत. राहणार तुडील. महाडच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करतो, आणि अंगठा घेण्याआधी त्यांना ती वाचून दाखवतो. मी त्याला म्हटलं, असा गळा कोर्टाबाहेर वाया घालवू नका, शनिवारी आमच्याकडे या.

आमच्याकडे म्हणजे चवदार तळ्याजवळ, एका दुकानाच्या माडीवर. नजर गेलेल्यांचा, जात चाललेल्यांचा गट दर शनिवारी तिथे जमतो. सरिताताई तो चालवतात. कुणी काठीने चालायला शिकतं, कुणी बोलणारा मोबाईल वापरायला शिकतं. चांगूअण्णांची नजर साखरेने गेली, ते काहीच शिकत नाहीत, चहा पितात आणि सगळ्यांच्या घरच्या भानगडी विचारतात. माझ्या डोळ्यांची नस अठराव्या वर्षी सुकली. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. तेव्हा सुटलेलं बी.ए. मी सहा वर्षांनी मुक्त विद्यापीठातून पुन्हा हातात घेतलं होतं, आणि इतिहासाची पुस्तकं वाचून द्यायला मला कुणीतरी हवं होतं. आमची पद्धत साधी आहे. शिकणाऱ्या प्रत्येकाला एक वाचक. तो घरी बसून धडे मोबाईलवर रेकॉर्ड करतो, सरिताताई ते मोबाईलच्या मेमरी कार्डात भरून देतात.

भरत माझा वाचक झाला.

पहिला धडा संपला आणि मी फोन बंद करणार, तेवढ्यात त्याचा आवाज पुन्हा आला. "धडा संपला. पण कार्डात जागा आहे, म्हणून सांगतो. तुमच्या कापड्याच्या रस्त्याला परवा दरड आली होती, आज मोकळा आहे. शनिवारी या." एवढंच. मी ते सात वेळा ऐकलं. धडा एकदाच ऐकला होता.

मग प्रत्येक धड्याखाली काहीतरी येऊ लागलं. सावित्री नदीचं पाणी किती चढलं, कोर्टात आज कोण कुणावर ओरडलं, त्याच्या आईने केलेली शेवळाची भाजी कशी घशाला खाजली. एकदा म्हणाला, "नदीकाठी मगर ऊन खात पडली होती. ती आणि आमचे वकीलसाहेब, दोघंही अकरापर्यंत हलत नाहीत." मी फोन कानाशी धरून एकटीच हसले. आई म्हणाली, "इतिहासात हसण्यासारखं काय हाय गो?"

शनिवारी भेट व्हायची तेव्हा मात्र तो कमी बोलायचा. चहाचा कप माझ्या बोटांना लागेल असा ठेवायचा आणि "ऐकलंत?" एवढंच विचारायचा. मी "ऐकलं" म्हणायचे. त्या "ऐकलं"मध्ये मी काय काय भरून द्यायचे ते मलाच माहीत. माझ्या मनाने केव्हाच ठरवून टाकलं होतं की धडे सगळ्यांचे असतील, पण धड्याखालचं माझं.

गणपती झाले आणि श्रुतिका आली.

मुंबईत नोकरी करत होती, नजर अधू व्हायला लागली म्हणून पोलादपूरला मामाकडे आली. अत्तर लावायची. बांगड्या घालायची. हसली की माडीच्या जिन्यापर्यंत ऐकू जायचं. आणि बी.ए.ला तिनेही इतिहासच घेतला, जगात दुसरे विषय नसल्यासारखा. हे सगळं मी सोसलं असतं. पण पहिल्याच दिवशी ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काय हँडसम आहे यार तुमचे भरत सर. जवळ गेल्यावरच दिसतात, पण दिसतात."

तिला तो दिसत होता. धूसर का होईना, दिसत होता. अडीच महिन्यांत मी त्याच्या चेहऱ्याबद्दल कुणाला एक शब्द विचारला नव्हता, कारण विचारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. आणि ही परवा आलेली मुलगी ते मला फुकटात सांगत होती.

त्या दिवसापासून मी कानाने पहारा देऊ लागले. तो तिच्याशी मोठ्याने बोलतो, माझ्याशी हळू. म्हणजे तिच्याशी मोकळा आहे. ती काही म्हणाली की तो हसतो, मी म्हणाले की गप्प होतो. म्हणजे माझा कंटाळा येतो. तिचं अत्तर त्याच्या खुर्चीच्या बाजूने आलं की माझा चहा गार व्हायचा. ती जवळ गेल्याशिवाय बघूच शकत नाही हे मला कळत होतं. कळून मला काडीचा फरक पडत नव्हता.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी मी लवकर पोचले. गेल्या शनिवारी मिळालेलं नव्या धड्याचं कार्ड श्रुतिकाच्या रागात मी अजून लावलंच नव्हतं. कोपऱ्यात श्रुतिका फोन कानाशी न लावता मोठ्याने काहीतरी ऐकत होती आणि खिदळत होती. मी ओळखलं. "...ती आणि आमचे वकीलसाहेब, दोघंही अकरापर्यंत हलत नाहीत." तेच शब्द. तोच मधला ठसका.

उष्टं. माझ्या मनात दुसरा शब्दच आला नाही. जे मी एकटीचं म्हणून सात-सात वेळा ऐकलं होतं, ते तो हिलाही देत होता. एकच मगर दोघींना.

मी तिथून तशीच सरिताताईंकडे गेले आणि म्हटलं, मला वाचक बदलून द्या. ताईंनी मला बाजूला घेतलं. मग त्यांनी विचारलं, "नक्की? ऐकून, विचार करून सांगतेस?" मी म्हटलं, सगळं ऐकलंय. "बरं," त्या म्हणाल्या, "तुझा निर्णय आहे. मी सांगते त्याला." त्यांचा आवाज पडला होता. मला वाटलं, नवा वाचक शोधायचं काम वाढलं म्हणून.

भरत जिन्यात भेटला. ताईंनी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "उत्तर मिळालं. ठीक आहे." मी फणकाऱ्याने म्हटलं, मिळालं ना, मग झालं तर. तो उतरून गेला, आणि उतरताना आज पहिल्यांदाच पुढच्या पायरीबद्दल काही बोलला नाही.

ते नवं कार्ड मी घरी जाऊन तांदळाच्या डब्यामागे टाकलं. ऐकलं नाही. दोन शनिवार तो आला नाही. नवीन वाचक निवृत्त शिक्षक होते. ते धडा असा वाचायचे की मध्ये कुठे पूर्णविराम आहे याची शंका यावी, आणि धडा संपला की सरळ टक्कन बंद. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि माझ्या डोक्यात एक ओळ शिरत नव्हती. मला तो हवा होता. तो दुसरीचा असला तरी हवा होता, आणि याची मला इतकी लाज वाटायची की मी आईवर खेकसायचे.

तिसऱ्या शनिवारी चांगूअण्णा माझ्या शेजारी येऊन बसले. चहाचा भुरका मारून म्हणाले, "पोराला नाय म्हणलीस ते म्हणलीस. पन आमचं काय गो? आमाला आता पुढचं कसं कळायचं?"

मी विचारलं, कसलं पुढचं?

"धड्याखालचं. इतिहास कोन ऐकतो? मी शेवटचं तेवढं ऐकायचो."

मी कप खाली ठेवला आणि खोदून विचारलं. तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं. आजवर एका विषयाला एकच विद्यार्थी असायचा. यंदा पहिल्यांदा इतिहासाला दोघी झालो, म्हणून सरिताताईंनी माझ्यासाठी केलेलं वाचन जसंच्या तसं श्रुतिकाला भरून दिलं, शेपटासकट. तिने ते अण्णांना ऐकवलं. अण्णांनी आणखी दोघांना. हे ना भरतला माहीत होतं, ना मला. आमचा अख्खा गट महिनाभर आमची मालिका ऐकत होता.

"आणि तू नको म्हणालीस म्हणून मी रडले यार," श्रुतिका म्हणाली. "किती शोधलं मी सुरुवातीला, माझ्यासाठी आहे का म्हणून. पण त्याच्या तोंडी सारखं तुझं कापडे गाव. मी तर कापड्याची नाही ना."

"मी कुठे नको म्हणाले?"

श्रुतिका माझ्याजवळ सरकली. मग तिने माझ्या हातात तिचा फोन दिला आणि शेवटच्या धड्याचा शेवट लावून दिला. जे कार्ड तांदळाच्या डब्यामागे पडलं होतं, ते.

"अक्षदा, धडा संपला. आता दोनच राहिले. ते संपले की तुमच्याशी बोलायला मला निमित्त उरणार नाही... मला निमित्ताशिवाय बोलायचंय. कायमचं. तुम्हाला चालणार असेल तर पुढच्या शनिवारी मला तसं सांगा. चालणार नसेल तर सरिताताईंकडून वाचक बदलून घ्या. मी समजेन. तोंडावर 'नाही' ऐकायची माझी हिंमत नाही."

सरिताताई माझ्यामागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मी तुला विचारलं होतं, ऐकून सांगतेस का म्हणून." मी ऐकलं होतं ते मगरीचं. माझ्या जळण्याने मीच त्याला 'नाही' म्हणून आले होते, त्याने सांगितलेल्या रीतीने, एक अक्षर न चुकता.

सोमवारी मी पहिल्या गाडीने महाडला आले. आईला बरोबर घेतलं नाही. कोर्टाचा रस्ता मी एकटीने कधी चालले नव्हते. काठी दोनदा गटारात गेली, एकदा एका रिक्षावाल्याने मला शिव्या दिल्या आणि मी त्याला परत दिल्या. आवारात टाइप करायची चार-पाच टेबलं खडखडत होती. मी थांबून ऐकलं. उजवीकडच्या दुसऱ्या टेबलावर कुणीतरी स्वल्पविरामाला थांबत होतं.

समोर सोनबा नावाचे एक आजोबा बसले होते, त्यांचं प्रतिज्ञापत्र चाललं होतं. मी मागे उभी राहिले. भरतचा आवाज मध्येच तुटला. मग पुन्हा सुरू झाला, पण आता तो स्वल्पविराम चुकायला लागला. सोनबाआजोबा म्हणाले, "नीट वाच रे, माझ्या जमिनीचं हाय."

"बसा," वाचून झाल्यावर तो म्हणाला. "काय लिहायचंय?"

"काही नाही. सांगायचंय." मी खुर्ची चाचपून बसले. आजूबाजूची टेबलं एकेक करून थांबत गेली ते मला ऐकू येत होतं, पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "मी ते शेवटचं ऐकलंच नव्हतं. परवा ऐकलं. वाचक बदलला तो श्रुतिकामुळे. तिच्याकडे तुमची मगर होती. मला वाटलं तुम्ही दोघींना एकच देता."

"मी कुणालाच काही..." तो थांबला. "तिच्याकडे कशी गेली?"

मी सांगितलं. कार्ड, श्रुतिका, अण्णा, सगळे. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं असावं, कारण त्याचा आवाज दबून आला. "सगळं? शेवटचंसुद्धा?"

"अण्णांनी दोनदा."

टेबलावरचे कागद सारखे केल्याचा आवाज झाला. मग हळू, माझ्याशी बोलतो त्याच आवाजात म्हणाला, "श्रुतिकाशी मोकळं बोलता येतं, कारण तिथे काही चुकलं तरी चालतं. तुमच्यासमोर माझं तोंडच उघडत नाही. म्हणून तर कार्डात बोलायचो."

"तिला तुम्ही दिसता," मी म्हणाले. हे मला म्हणायचं नव्हतं, पण तेच आलं. "जवळ आली की तिला तुम्ही दिसता. मी कितीही जवळ आले तरी मला नाही दिसणार. त्याचं फार वाईट वाटतं मला. अजूनही वाटतंय. मी काही आता शहाणी होऊन आलेले नाही."

"मग या की जवळ," तो म्हणाला. "दिसायचं राहू दे."

सोनबाआजोबा अजून उठले नव्हते. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, "ताई, मग तुमचं उत्तर काय?" कुणीतरी हसलं. भरतने फोन उचलल्याचा आवाज झाला, तो चेष्टेत म्हणाला की अण्णांसाठी एवढं रेकॉर्ड करू का, ते बिचारे वाट बघत असतील.

मी हात पुढे केला, त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि पालथा घालून टेबलावर दाबून धरला. मग वाकले, त्याच्या कानाशी तोंड नेलं, आणि काय सांगायचं ते इतक्या हळू सांगितलं की मलाही नीट ऐकू आलं नाही.

"काय म्हनली रे ती?" सोनबाआजोबांनी विचारलं.

"ते माझं आहे," मीच सांगितलं.

भरतने खुर्ची फिरवून माझ्या बाजूला लावली, आणि टेबलाखाली माझा हात धरून पुढच्या माणसाला बोलावलं.