मीटरचा फ्यूज कुणी काढला?

ही घडलेली गोष्ट आहे. इबादान शहरातल्या त्या गल्लीत ती ठाऊक नाही असं एकही घर नाही. कुणाला हसायचंच असेल तर त्याने आबोसेडेसमोर जाऊन हसून दाखवावं.

रात्र नव्हती. शनिवार होता, भर दुपार, डोक्यावर रणरणतं ऊन.

लाईट सकाळीच गेली होती. आबोसेडे मागच्या ओट्यावर याम कंद सोलत बसली होती. तिचा धाकटा दीर डोटुन आत स्टुलावर चढून भिंतीवरचा जळका मेन स्विच उघडत होता.

तिने बसल्या जागेवरून विचारलं, "मीटरचा फ्यूज काढलास?"

"लाईटच नाही, तर फ्यूज कशाला काढायचा, वहिनी? तार मेलेली आहे."

तिचा सुरीचा हात थांबला.

दोन वर्षांपूर्वी याच भिंतीपुढे तिचा नवरा कोलापो अगदी हेच म्हणाला होता.

कोलापो वायरमन होता. हाताखालच्या प्रत्येकाला तो दरडावून सांगायचा, आधी मीटरचा फ्यूज उपटा आणि स्वतःच्या खिशात ठेवा, म्हणजे दुसरा कुणी परत लावणार नाही. स्वतःच्या घरात मात्र साहेबांना कंटाळा आला. काम चालू असतानाच लाईट आली. गल्लीतली पोरं नेहमीसारखी "आली, आली" करत नाचली. कोलापो फरशीवर पडला तेव्हाही ती नाचतच होती.

तेव्हापासून आबोसेडेला त्या ओरडण्याचा राग होता. सगळ्यात जास्त राग होता तो मेलेल्या नवऱ्याचा.

"खाली उतर," ती म्हणाली. "एकाला मी याच फरशीवरून उचललंय. तुला नाही उचलणार. पडून राहशील इथेच."

"दोनच स्क्रू राहिलेत, वहिनी."

आणि त्याने दोन्ही हात उघड्या तारांना लावले.

ती तणतणत उठली. आता स्वतःच फ्यूज काढायचा म्हणून व्हरांड्यातल्या मीटरकडे निघाली.

तेवढ्यात...

खट्.

आवाज व्हरांड्यातून आला. खाचेतून फ्यूज उपटल्यावर येतो तसा. वायरमनच्या बायकोला तो झोपेतही ओळखू आला असता.

मग... कुणीतरी घसा खाकरला. काम झालं की कोलापो असाच खाकरायचा.

ती व्हरांड्यात पोचली.

कुणीच नव्हतं. फाटकाला आतून कडी होती.

आणि सगळी गल्ली ओरडली, "आली, आली!"

शेजारचा रेडिओ खणखणला. समोरच्या घरातला पंखा फिरू लागला. हिच्या घरात मात्र... काहीच नाही.

ती धावत आत आली. डोटुन स्टुलावर तसाच उभा होता. हात तारांवरच होते. जिवंत होता.

"वहिनी," तो पुटपुटला, "आपल्याकडे का नाही आली?"

मीटरची खाच रिकामी होती. फ्यूज जमिनीवर नव्हता, कुठेच नव्हता. आपण त्याला हातही लावला नाही, अशी डोटुनने शपथ घेतली. आबोसेडेने आधी त्याच्या कानाखाली वाजवली.

मग ती ट्रंकेपाशी गेली. किल्ली तिच्या कमरेच्या गाठीत होती. दोन वर्षांत ती ट्रंक कुणी उघडली नव्हती.

वरच कोलापोचा कामाचा शर्ट होता. तिने खिशात हात घातला.

फ्यूज.

ऊबदार... आत्ता कुणाच्या तरी छातीशी असल्यासारखा.

ती किंचाळली नाही. तिने तो शर्ट दोन्ही मुठींत धरून गदागदा हलवला.

"भावासाठी काढलास," ती म्हणाली. "तुझ्या वेळी हात मोडले होते का रे तुझे?"

तो गेल्यापासून ती पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

डोटुनने दुसरा फ्यूज आणून बसवला. तरी आजही लाईट आली की सगळी गल्ली उजळते आणि आबोसेडेचं घर तेवढं बंद राहतं. इतके वायरमन पाहून गेले, कुणाला काही सापडलं नाही. मग ती घरातून एक चक्कर मारते, प्रत्येक माणूस कुठे आहे ते बघते आणि व्हरांड्याकडे तोंड करून रागानेच सांगते, "तारेला कुणाचा हात नाही. लाव."

खट्.

आणि लाईट येते.