कोथिंबिरीचं ऊन

एका वर्षात माझ्या चष्म्याचा नंबर उणे दोनवरून उणे तीनवर गेला आणि त्याचं खापर माझ्या पुस्तकांवर फुटलं. ना विचारपूस, ना चौकशी. आईनं माझी सातही पुस्तकं उचलली, कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली.

सात तुम्हाला थोडी वाटतील. पण आम्ही राहतो चंद्राच्या पोटात, दगडी बोगद्यातल्या वस्तीत. पृथ्वीवरून येताना मुलांना फक्त तीन किलो सामान आणता येतं. मी सगळी खेळणी मागे ठेवून तीन किलोंची पुस्तकं आणली होती. आता तीही बंद. मग दिवसभर करायचं काय, तर म्हणे डोळे मिटून पडा.

माझी आई वस्तीची कारभारीण आहे, त्यामुळे घरातही तिचंच चालतं. "शाल्मली, डोळ्यांना ताण पडला की नंबर वाढतो," ती म्हणते. "त्यांना विसावा हवा." या विसाव्यापायी तिनं वर्षभरापूर्वीच मुलांच्या खोल्यांतले आणि शाळेतले दिवे मंद करून टाकले होते. एवढं करून शाळेतल्या एकोणीस मुलांपैकी अठरा जणांना चष्मा आहेच.

एकोणिसावी तुळजा, सोपानकाकांची मुलगी. सोपानकाका वस्तीचा मळा बघतात. इतर मुलांना तिथे बंदी होती, कारण आम्ही टोमॅटो तोडायचो. तुळजा मात्र शाळा सुटली की मळ्यातच असते आणि कोथिंबिरीच्या वाफ्याशी बसून वाचते. माझी सातही पुस्तकं तिनं दोनदा वाचली आहेत. मग तिला चष्मा का नाही?

मी हे आईला विचारलं. आई म्हणाली, "तिचं नशीब." एवढी शास्त्र शिकलेली बाई आणि उत्तर काय, तर नशीब. माझं डोकंच फिरलं.

मी तडक मापारीकडे गेले. मापारी हा शाळेतला यंत्रमानव. उंची, वजन, डोळे, दिसेल ते मोजत फिरणं एवढंच त्याचं काम.

"माझ्या डोळ्याला नक्की झालंय काय?"

"तो लांबला आहे," मापारी म्हणाला. "गेल्या वर्षी चोवीस पूर्णांक एक मिलिमीटर होता. आता चोवीस पूर्णांक पाच आहे."

एवढंच. त्याच्याकडून एकेक गोष्ट ओढून काढावी लागते. "लांबला म्हणजे काय ते नीट सांग," मी म्हटलं.

त्यानं एक भिंग घेतलं आणि मागे कागद धरला. समोरच्या दिव्याचं चित्र कागदावर स्वच्छ उमटलं. मग त्यानं कागद थोडा मागे सरकवला आणि चित्र पुसट झालं.

"डोळ्यातही पुढे भिंग आहे आणि मागे दृष्टिपटल (चित्र उमटण्याचा पडदा) आहे. तुझा डोळा लांबला, पडदा मागे गेला. दूरच्या वस्तूचं चित्र आता पडद्याच्या अलीकडेच तयार होतं. पडद्यावर पोचेपर्यंत ते पसरतं. जवळच्या वस्तूचं चित्र मुळातच थोडं मागे पडतं, म्हणून पुस्तक तुला दिसतं."

"पण तो लांबला कशानं?"

"लहानपणी सगळ्यांचेच डोळे वाढतात. ते थांबावेत म्हणून दृष्टिपटलाकडून निरोप जातो. त्या निरोपात डोपामीन (पेशींनी एकमेकींना धाडलेलं रसायन) असतं. भरपूर उजेड पडला की ते जास्त तयार होतं आणि श्वेतपटलाला (डोळ्याच्या बाहेरच्या पांढऱ्या कवचाला) कळतं की आता पुरे. उजेड कमी असला की निरोप कमी पोचतो. मग कवच सैल पडून ताणलं जातं."

"आणि वाचण्याचं काय?"

"पुस्तक तासन् तास नाकाशी धरण्याचाही वाटा आहे. आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचाही (शरीराची घडण ठरवणाऱ्या सूचनांचा) आहे. तुझ्या आईला आठव्या वर्षी चष्मा लागला."

पण माझी आई काही अठराही जणांची आई नव्हे. "आमच्या वर्गात उजेड किती?"

"ऐंशी लक्स (उजेड मोजायचं एकक)."

"आणि मळ्यात?"

"वर ध्रुवावरच्या आरशांमधून गाळलेलं ऊन येतं. अकरा हजार."

कोथिंबिरीला अकरा हजार आणि आम्हाला ऐंशी. मी कपाळावर हात मारला. "तू हे कधी सांगणार होतास?"

"कारभारीणबाई फक्त नंबरांचा तक्ता मागतात," मापारी म्हणाला.

मी त्याला हाताला धरून आईसमोर उभा केला आणि सगळं पुन्हा म्हणायला लावलं. तुळजाच्या डोळ्याचं मापही सांगायला लावलं. मी कडाडून भांडायच्या तयारीनं गेले होते. पण आई खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "दिवे मीच मंद केले ना गं." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? भांडण राहूनच गेलं, त्याचा वेगळाच वैताग.

"माझा नंबर उतरेल का?" मी मापारीला विचारलं.

"नाही. लांबलेला डोळा आखूड होत नाही. यापुढे वाढ मंदावू शकेल."

आईनं खिशातून किल्ली काढली.

आता एकोणीसच्या एकोणीस मुलं रोज दोन तास मळ्यात असतात. सोपानकाका टोमॅटो मोजून मोजून थकले आहेत. मी हातभर लांब पुस्तक धरून वाचते आणि मधूनमधून मान वर करून दूर बघते, नाहीतर आई ओरडते. माझा साडेतीन वर्षांचा भाऊ इंद्रनील यंदा शाळेत जाईल. तोही येतो आणि रोपं उपटतो.

काल तो मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला होता. तिथून म्हणाला, "ताई, तुझ्या पुस्तकावर हत्ती आहे. त्याला एकच दात आहे."

मी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. मला त्याच्या सदऱ्याचा नुसता एक लाल ठिपका दिसला. मी चष्मा पुन्हा लावला आणि त्याला दरडावून सांगितलं, की मुकाट्यानं तिथेच उन्हात बस.