एका वेळी एकच बाटली

पडद्याचं कापड घेऊन राजसी दुकानाबाहेर आली आणि जागच्या जागी थबकली. उल्हासनगर कॅम्प एकच्या त्या गजबजलेल्या रस्त्यावर तिची लाल गाडी उभी होती. गाडीशेजारी एक अनोळखी तरुण हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून हळूहळू हात फिरवत होता. तेही डोळे मिटून!

"ओ हॅलो! काय चाललंय?"

त्याने डोळे उघडले, पण हात काही उचलला नाही.

"मागचं गाडी-पॉलिशचं दुकान माझं आहे. गाडी दारातच उभी दिसली... राहवलं नाही."

"म्हणून कुरवाळताय तिला?"

"तब्येत बघतोय. मॅडम, हात द्या."

"काय?"

"म्हणजे — ही पिशवी घाला, असं म्हणत होतो. घाला आणि फिरवा."

खरं तर राजसीला राग यायला हवा होता. पण कुतूहल रागाच्या दोन पावलं पुढे निघालं. तिने पिशवी चढवून हात फिरवला. बोटांना गुळगुळीत रंग लागलाच नाही, बारीक रेतीवरून हात फिरावा तसं खरखरीत लागलं.

"नुसत्या हाताला कळत नाही ते पिशवीतून कळतं," तो म्हणाला. "एमआयडीसीची धूळ आहे. रंगात रुतून बसलीय. अंबरनाथ ना?"

"मोरिवलीच्या बाजूला."

"आणि धुता कशानं?"

"कंपनीच्या लिक्विडनं," राजसी अभिमानाने म्हणाली. "बाबा कारखान्यातून निळा कॅन आणतात. दर रविवारी मी स्वतः धुते. सहा वर्षं झाली."

त्याने कपाळाला हात लावला. "मॅडम, त्यानं मशीनचं ग्रीस निघतं! मग गाडीच्या अंगावरचं मेण कुठून राहणार?"

राजसीने हातातली पिशवी काढली. कारखान्यातल्या साहेबलोकांच्या घरी फरशी, पंखे, मोरी, सगळं त्या एका कॅनवर चालतं. गाडीलाही तेच लावावं, यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. म्हणजे ज्या गाडीवर तिचा इतका जीव, तिचा रंग तिनेच, स्वतःच्या हाताने घालवला होता.

आणि येत्या रविवारी अकरा वाजता दलाल ती गाडी न्यायला येणार होता. राजसी फिजिओथेरपिस्ट होती. घरोघरी जाऊन रुग्णांना व्यायाम शिकवायचं काम तिला सुरू करायचं होतं, बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत. त्यासाठी गाडी हवीच होती. पण गाडी तिच्या बाबांच्या, शशिकांत यांच्या, नावावर होती आणि ते म्हणाले होते, "असली कळकट गाडी घेऊन पेशंटच्या दारात जाणार? रविवारपर्यंत चमकवून दाखव, नाहीतर ती गेली."

"काय लागेल ते सगळं एकदम द्या," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ.

"एका वेळी एकच बाटली. ती वापरा, काय झालं ते येऊन सांगा, मग पुढची."

"डॉक्टर आहात?"

"गाड्यांचा. अल्पेश नाव माझं."

रविवारबद्दल राजसी काहीच बोलली नाही. गरज कळली की दुकानदार वाटेल ते गळ्यात मारतो, हे आईने, कुमुदिनीने, तिला लहानपणापासून शिकवलं होतं.

शाम्पूची बाटली घेऊन ती घरी आली. त्याने सांगितलं तसं दोन बादल्या घेतल्या, एक साबणाची, एक फडकं विसळायला साध्या पाण्याची. गाडी सावलीत, धुणं वरून खाली. सगळ्यात घाण चाकं, म्हणून त्यांचं फडकं वेगळं. विसळण्याच्या बादलीच्या तळाशी साठलेली माती पाहून ती चकित झाली. इतकी वर्षं हीच माती ती रंगावर घासत आली होती!

बुधवारी तिने अल्पेशला सगळं सांगितलं. त्याने एखाद्या विद्यार्थिनीची वही तपासावी तसं ऐकून घेतलं, मग मळलेल्या कणकेसारखा एक मऊ गोळा तिच्या हातावर ठेवला.

"ही क्ले. पत्रा शाम्पूच्या पाण्यानं ओला ठेवायचा आणि हलक्या हातानं फिरवायची. रुतलेली धूळ ही उचलते. हातातून पडली तर फेकून द्यायची."

"लगेच?"

"लगेच. फडक्याचंही तेच. जमिनीला लागलं ते गाडीला नाही. एक खडा पुरतो ओरखडे काढायला."

"फार कडक बुवा तुम्ही."

"या एकाच बाबतीत," तो म्हणाला आणि चहाचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. "तुमचंही काम असंच असेल ना? आमची आई बघा, बदलापूर गावात घर आहे आमचं... सारखी गुडघा धरून बसते. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणते, 'मना काय झालंय!'"

राजसी खळखळून हसली. चहा संपला तरी ती पाच मिनिटं बसून राहिली.

त्या संध्याकाळी क्ले फिरवल्यावर तिने पुन्हा पिशवी चढवली. हात बर्फावरून घसरावा तसा घसरला!

शुक्रवारी ती पॉलिश घ्यायला आली, तेव्हा दुकानात एक गिऱ्हाईक होतं.

"भाई, पूरा सेट दे दो. शैम्पू से लेके वैक्स तक."

अल्पेशने शाम्पू, क्ले, पॉलिश, मेण एका पिशवीत भरलं आणि हसून त्याच्या हातात दिलं. गिऱ्हाईक गेलं. अल्पेशने मान वर केली... दारात राजसी.

"एका वेळी एकच बाटली, नाही का?"

त्याचे कान लाल झाले.

"तीन खेपा घातल्या मी! रविवारी अकराला दलाल येतोय गाडी न्यायला. माझं सगळं काम त्या गाडीवर उभं राहणार होतं, आणि तुम्हाला खेळ सुचतोय?"

"तुम्ही बोलला नाहीत कधी—"

"तुम्ही विचारलं नाहीत!"

त्याने पॉलिश आणि मेण दोन्ही समोर ठेवलं. "चूक माझीच. मी येतो, दोघं मिळून करू."

"नको. बिघडवली मी, नीटही मीच करणार." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "पण का?"

तो बाटल्यांच्या फळीकडे बघत म्हणाला, "सगळं एकदम दिलं असतं तर... तुम्ही परत कशाला आला असता?"

हातातलं पॉलिश आणि मेण राजसीने पर्समध्ये कोंबलं. ती तशीच निघून गेली.

शनिवारी दंड दुखायला लागेपर्यंत तिने पॉलिश चोळलं. दुपारी बघते तर बॉनेटवर पांढरे डाग! बाटलीवर दुकानाचा नंबर होता, तिने फोन लावला.

"डाग पडलेत."

"उन्हात केलंत?"

"...हो. सावली सरकली, मला कळलंच नाही."

"घाबरू नका. सावलीत घ्या, पत्रा गार होऊ द्या. थोडं ताजं पॉलिश लावून लगेच पुसा, निघतील." मग जरा थांबून, "येऊ का?"

"नको म्हटलं ना." तिने पुन्हा बॉनेटकडे पाहिलं. "पत्ता पाठवते, सकाळी सहाला या. पण गाडीला हात लावायचा नाही. फक्त सांगायचं."

रविवारी सहाच्या ठोक्याला तो इस्त्रीचा शर्ट घालून बाइकवरून हजर झाला.

खिडकीतून आईने विचारलं, "राजसी, हे कोण?"

"गाडीचे डॉक्टर."

"मग चहा कोणाला देऊ? गाडीला?"

अल्पेश पायरीवर मांडीवर फडकी घेऊन शहाण्यासारखा बसला. राजसीने मेणाचा डबा उघडला.

"किती लावू?"

"पोळीला तूप लावतो तितकंच. पुरणपोळीला नाही हां, रोजच्या पोळीला."

गॅलरीत बाबा पेपर उघडून बसले होते, पण पान काही उलटत नव्हतं.

शेवटचं दार राहिलं. कोरडं फडकं द्यायला अल्पेश घाईने उठला आणि मांडीवरचं फडकं खाली पडलं. त्याने ते उचलून झटकलं, पुढे केलं... आणि राजसीने त्याचं मनगट धरलं.

"जमिनीला लागलं ते?"

"...गाडीला नाही," तो पुटपुटला.

फडकं बाजूला गेलं. मनगट मात्र तिने लगेच सोडलं नाही.

अकराला दलाल आला आणि बघतच राहिला. "साहेब, हीच ना ती गाडी?"

राजसीने खाली आलेल्या बाबांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी दिली. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला, एकदा, दोनदा. तिने तांब्याभर पाणी ओतलं. पाण्याचे गोल गोल मोती झाले आणि भराभर ओघळून गेले.

"आणि कंपनीचं लिक्विड?" बाबांनी विचारलं.

"फरशीला, बाबा. फक्त फरशीला."

ते मोठ्याने हसले आणि दलालाकडे वळले. "माफ करा, तुम्हाला उगाच खेप पडली. गाडी आमच्या मुलीची आहे."

चावी तिच्या तळहातावर आली, तेव्हा राजसीला दुखणाऱ्या दंडांचा विसर पडला.

दलाल गेला, आईबाबा घरात गेले. ती दोघंच उरली.

"आता काय राहिलं?" तिने विचारलं.

"काही नाही. बाटल्या संपल्या." त्याचा आवाज पडला. "मेण तीन महिने टिकतं."

"म्हणजे तीन महिन्यांनी भेट."

"...हो."

राजसीने गाडीचं डावीकडचं दार उघडलं. "बसा." मग जरा थांबून, "बस."

"कुठे?"

"बदलापूर गावात. माझा पहिला पेशंट तिथे गुडघा धरून बसलाय."

तो बघतच राहिला. "आणि माझी बाइक?"

"राहू दे इथेच. न्यायला यावंच लागेल तुला."

तो आत बसला. लाल बॉनेटवर सकाळचं ऊन लख्ख उतरलं होतं.

"आईला कितीसे व्यायाम लागतील?"

"सहा."

"सगळे आजच शिकवशील?"

राजसीने गाडी सुरू केली. समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता, गालातल्या गालात हसत ती म्हणाली,

"एका वेळी एकच."