दाबणीचा दगड

मालवणात दर्शनाकाकी तांडेल सकाळी उठल्या की आधी चहाचं आधण ठेवत आणि मग समुद्राचा ताप बघत. समुद्र म्हणजे ओटीवरची काचेची पेटी. किनाऱ्यावरच्या घरोघरी प्रवाळ केंद्राने अशी एकेक पेटी दिली होती. बाहेरचा समुद्र तेवीस वर्षांपूर्वी इतका तापला, की खडपांवरची, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवरची, सगळी प्रवाळं पांढरी पडून मेली, आणि त्यांच्या आसऱ्याला राहणारी मासळीही गेली. मग शास्त्रज्ञांनी बत्तीस अंशांत तग धरणारं एक प्रवाळ प्रयोगशाळेत घडवलं. त्याला त्यांनी 'तापधर' म्हटलं. तापधराचे बोटभर तुकडे जाळीवर बांधायचे, पेटीतलं पाणी महिन्याला एकेक अंश चढवून त्यांना गरम पाण्याची सवय लावायची आणि मग जाळी समुद्रात सोडायची.

काकींची जाळी, त्यांचे यजमान जयवंत ज्या खडपापाशी जाळं टाकत, तिथे सोडायची असं ठरलं होतं. काकींनीच केंद्राकडे तसा अर्ज केला होता. तिथे पुन्हा मासा फिरलेला बघितला की मी डोळे मिटायला मोकळी, असं त्या सुनेला सांगत.

पाणी एकोणतीस अंशांवर आलं त्या आठवड्यात काकींना पेटीत सात फुगवटे दिसले. मसुराच्या डाळीएवढे, तपकिरी, कडेला जांभळी रेघ. केंद्राच्या पत्रकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की अनोळखी वाढ दिसताच ती बाहेर काढून तिच्यावर उकळतं पाणी ओतावं आणि कळवावं, नाहीतर ती तापधराला खाऊन टाकेल. काकींनी दोनदा पाणी उकळलं आणि दोन्ही वेळा त्याचा चहा केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी केंद्रात फोन लावला.

डॉक्टर अर्शद मुकादम स्वतः आले. ते पत्रक त्यांनीच लिहिलेलं. वय पस्तिशीचं, मूळ गाव देवगडजवळचं. त्यांनी काचेला भिंग लावलं. भिंगाने हजारो जिवांशी ताडून पाहिलं आणि उत्तर दिलं, नोंद नाही. मग वाढ नष्टच करायला हवी, असं ते म्हणाले.

काकींनी फुगवट्यांखालच्या दगडाकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर, रागावू नको. ह्यो दगड तुमचो नाय. माझो असा."

पेटीत केंद्राच्या भाजलेल्या विटांखेरीज काही ठेवायला सक्त मनाई होती. पण पंपाच्या झोतात जाळी सारखी कलंडायची, आणि वजन ठेवायचं म्हटल्यावर काकींचा हात आपसूक दाबणीच्या दगडाकडे गेला. बांगडे मिठात रचून त्यांवर ठेवतात तो दगड. त्यांच्या सासूला तो साठ वर्षांपूर्वी जाळ्यात सापडला होता. लग्न होऊन आल्यावर सासूने त्यांच्या हातात पहिल्यांदा दिला तो हाच. होडी बंद असायची त्या महिन्यांत सात माणसांचं कालवण या दगडाखालून निघे. जयवंत गेले त्या वर्षी तर दुसरं काहीच नव्हतं. काकी अजूनही तो हातात घेतला की आधी कपाळाला लावत.

अर्शदने सुईच्या टोकाने कणभर वाढ काढली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि खाली फरशीवरच बसकण मारली.

"काकी, हा दगड म्हणजे जुन्या प्रवाळाचा सांगाडा आहे. आणि त्यावर वाढतंय तेही तेच प्रवाळ. आपल्या खडपांवरचं. मेलं म्हणून आम्ही यादीतून काढून टाकलं, म्हणून तर भिंगाला ते ओळखता आलं नाही."

"साठ वर्षां मिठात ऱ्हवान जिता?"

त्याने समजावून सांगितलं. प्रवाळावर संकट आलं, की त्याच्या काही पेशी सांगाड्याच्या खोल भोकांत शिरून आक्रसतात. त्यांचं श्वास घेणंही जवळजवळ थांबतं. त्यांना 'सुप्तपेशी' म्हणायचं. उघड्यावर त्या वर्षभरात वाळून जातात. पण काकींच्या घरी दगड कधी सुकलाच नाही. जे मीठ बांगडा टिकवतं, त्यानेच त्या पेशी टिकवल्या, आणि पेटीतल्या पाण्यात त्या जाग्या झाल्या.

"म्हणजे माझ्या सासूने ठेवलो," काकी म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पुढचं सांगणं अर्शदला जड गेलं. पाणी एकतीस अंशांवर गेलं की हे जुनं प्रवाळ मरणार. पाणी अठ्ठावीसवर उतरवलं तर ते जगेल, पण मग जाळीला तापाची सवय लागणार नाही आणि जयवंतांच्या खडपावर ती सोडता येणार नाही. आणि जुन्याला तर बाहेरच्या समुद्रात जागाच नाही.

काकी उठल्या आणि त्यांनी पेटीची कळ अठ्ठावीसवर आणली. "ज्याने आमका पोसला, तेका मी उकळता पाणी घालू?"

मग त्यांनी विचारलं, की याला पिल्लं होतील का. अर्शद म्हणाला, एकट्याला नाही; त्याच जातीचं दुसरं कुटुंब हवं. अशी वाढ अजून कुणाच्या पेटीत नाही का दिसली, काकींनी विचारलं.

दिसली होती. तीन वर्षांत चारशे बारा घरांतून तशी तक्रार आली होती. दगडाबद्दल एकीनेही सांगितलं नव्हतं, कारण नियम सगळ्यांनीच मोडला होता. दोष पाण्याचा असेल असं समजून अर्शदने प्रत्येकीला तेच पत्रक पाठवलं होतं.

त्याने यादीतला सगळ्यांत अलीकडचा नंबर लावला. देवबागच्या रेश्मा कुबल. दगडाबद्दल विचारल्यावर त्या आधी घाबरल्या, मग मोकळ्या झाल्या.

"काल सकाळीच ओतलंय मां पाणी. एकदा नाय, दोनदा. दगड पण फोडून टाकलंय. तुमचो कागद इलो म्हणून बरा झाला डॉक्टर, नायतर सगळी जाळी गेली असती. देव तुमचा बरा करो."

"बरं, काकी," अर्शद फोनवर म्हणाला. खरं न सांगताच त्याने फोन ठेवला.

यादीत अजून चारशे अकरा नावं होती. दर्शनाकाकी त्याच्याशेजारी फरशीवर बसल्या आणि त्यांनी पुढचं नाव वाचलं.