चौदा मुलं, एक कमोड आणि मिस्त्रीण

प्रेमात पडायला जगात बागा आहेत, तळ्याकाठचे बाक आहेत, वाचनालयातले शांत कोपरे आहेत. आपली मिस्त्रीण पडली ती संडासात! अक्षरशः! गुडघे ओल्या फरशीवर, उजवा हात कोपरापर्यंत कमोडमध्ये, आणि तोंडाचा पट्टा चालू – "काय घातलंय काय या लोकांनी आत? अख्खा संसार?"

"अख्खा नाही... थोडाच," मागून कुणीतरी म्हणालं. पाठोपाठ ठण्‌कन आवाज आला. बोलणाऱ्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं होतं.

तिने वळून पाहिलं. ताडमाड उंच, काखेत एक रडकं पोर, खांद्यावर दुसरं, आणि कपाळ चोळायला हात मोकळा नाही म्हणून चेहरा वेडावाकडा. तिने मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं – लंबू.

लंबू आणि त्याची आत्या मिळून पाळणाघर चालवायचे. मुलं चौदा, संडास एक. आणि तोच तुंबलेला! म्हणजे विचार करा.

खरं तर तिथे तिचे बाबा जायचे. पण तीन महिन्यांपूर्वी थोरल्या मिस्त्रींच्या कमरेत उसण भरली आणि ती निघायचं नावच घेईना. तेव्हा त्यांनी हत्यारांची पिशवी लेकीच्या हातात दिली. गल्लीत लगेच नाकं मुरडली गेली – मुलीच्या जातीला शोभतं का हे? तिला शोभण्याबिभण्याचं काही पडलेलं नव्हतं. ती पिशवी तिला लहानपणापासून हवी होती. मात्र बाबांनी पिशवीबरोबर एक अटही दिली होती.

"एका घरी पहिल्यांदा गेलीस, तर ते काम. त्याच तुंबण्यासाठी दुसऱ्यांदा गेलीस, तर नशीब. तिसऱ्यांदा जावं लागलं, तर मिस्त्रीलाच काम येत नाही. मग पिशवी मुकाट्याने माझ्या पुढ्यात आणून ठेवायची."

तीन महिन्यांत ती कुठेही दुसऱ्यांदा गेली नव्हती. एकदाही नाही! आणि कामाला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारायला ती कधी चुकायची नाही. लोक गुपचूप ॲसिड ओततात, विचारलं की कानांवर हात ठेवतात, आणि भाजतो तो मिस्त्री.

"आत काय काय गेलंय? खरं सांगा," हात घालण्याआधी आत्याला विचारून झालं होतं, तरी तिने पुन्हा विचारलं.

"काहीच नाही," लंबू म्हणाला.

"काही म्हणजे काही नाही गं!" आत्या स्वयंपाकघरातून ओरडली.

चौदा मुलं ओळीने उभी. इतकी साळसूद, की जणू आत्ताच देवळातून आली होती. शेवटी दोन शेंड्यांची एक ठकी पुढे आली आणि गंभीरपणे म्हणाली, "हत्ती गेला."

"कोणता हत्ती?"

"निळा. पोहायला गेला. आलाच नाही."

मिस्त्रिणीने लंबूकडे पाहिलं. "आणखी?"

"म्हणजे... मी थोडा सोडा टाकला. मग लिंबू पिळलं. मग उकळतं पाणी. मग हँगरची तार घालून पाहिली."

"आणि ती तार कुठाय?"

लंबूने मान खाली घातली. "हत्तीकडे."

तिने कपाळाला हात लावायचा म्हणून उचलला, मग तो हात कुठून बाहेर आलाय ते आठवलं आणि पुन्हा खाली घेतला. कसली माणसं ही! सरबत करायचं होतं की संडास मोकळा करायचा होता?

कमोडच उचलावा लागला. तार निघाली, हत्ती निघाला, मुलांनी टाळ्या पिटल्या. वास घरभर पसरू नये म्हणून तिने पायपाच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला आणि पांढरं सिमेंट कालवायला घेतलं. उजेड कमी होता. लंबूला तिने टॉर्च धरायला लावला.

"अहो, पायपावर धरा की! माझ्या तोंडावर काय आहे?"

"सिमेंट."

"काय?"

"गालावर लागलंय. डाव्या... नाही, माझ्या डाव्या... थांबा..." तो रुमाल घेऊन वाकला, आणि फ्लशच्या टाकीवर त्याचं डोकं पुन्हा ठण्‌कन आपटलं.

ती हसली. हसायचं अजिबात नव्हतं, वैताग आला होता नुसता! पण हसली. आणि त्याने रुमालाच्या टोकाने, श्वास रोखून, तिच्या गालावरचा तो ठिपका टिपला... तेव्हा तिच्या छातीत काहीतरी बुडबुडलं. अडलेलं पाणी सुटायच्या आधी बुडबुडतं ना, अगदी तसंच.

"झालं का?" ती खेकसली.

"झालं," तो म्हणाला. टॉर्च अजून तिच्याच तोंडावर होता.

तिने भराभरा कमोड बसवला, हळूच दोन बादल्या पाणी ओतून पाहिलं, ते गेलं, आणि "उद्यापर्यंत कुणी बसायचं नाही!" असं बजावून ती जवळजवळ पळालीच.

पाचव्या दिवशी बाबांनी तिच्यापुढे फोन धरला. "पाळणाघर. पुन्हा तुंबलंय. दुसरी."

नुसतं "दुसरी" एवढंच! दुसरी खेप! तिने पिशवी उचलली.

या वेळी ती तणतणतच शिरली. संडासाच्या दारावर नवा कागद चिकटवला होता – 'इथे फक्त शी आणि शू. हत्तींना बंदी.' खाली एक हत्ती, डोळ्यांत पाणी आणलेला. तिला हसू फुटणार होतं, तिने ते दातांखाली दाबलं.

"चित्र कुणी काढलं?"

"मी," लंबू म्हणाला. "आवडलं?"

"मला काम करायचंय. आत काय गेलंय?"

"या खेपेला खरंच काही नाही हो."

"मागच्या खेपेलाही 'काहीच नाही'च होतं. नंतर त्यातून हत्ती निघाला."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"ज्या माणसाने संडासात लिंबू पिळलं, त्याच्यावर? नाही!"

तिने स्प्रिंग घातली, गरागरा फिरवली, पाणी घळघळ करत गेलं. आतून निघालं काहीच नाही. ते काही तिला पटेना. पण तेवढ्यात लंबू चहा घेऊन आला. कपात साखर जास्त होती, त्याच्या शर्टाच्या खिशात कुणाचं तरी झबलं होतं, आणि तो विचारत होता की तिला या कामाची किळस येत नाही का.

"किळस कसली? पाणी अडलं की घर अडतं. ते मोकळं झाल्यावर माणसांचे चेहरे बघितलेत कधी? माझ्याइतकं प्रेमाने या गावात कुणाचंच स्वागत होत नाही."

"ते आलं माझ्या लक्षात," तो कपात बघत म्हणाला. "तुम्ही गेल्यावर घर जरा... मोकळं मोकळं वाटतं. म्हणजे चांगलं नाही. रिकामं."

ती चहा अर्धाच टाकून उठली. रस्ताभर स्वतःवर चिडली. आत काहीतरी राहिलंय का ते पाहायचं सोडून ही बाई चहा पीत बसली होती!

त्यानंतर तिसऱ्याच दिवशी फोन आला. बाबांनी नुसती तीन बोटं वर केली.

पाळणाघरापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा. ती पिशवी छातीशी धरून चालली होती, जणू कुणी हिसकावूनच घेणार होतं. आणि दार उघडताच आत्या म्हणते कशी, "ये गं बाई, ये! सकाळपासून चारदा केस विंचरलेत याने."

संपलं. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशाचं सरळ आगीत रूपांतर झालं.

"मुद्दाम तुंबवताय ना? मला बोलवायला? खेळ वाटला तुम्हाला? तिसऱ्या खेपेला बाबा पिशवी परत घेणार असं ठरलंय! माझी पिशवी जाणार आहे आज! तीन महिने राबले मी या पिशवीसाठी, आणि तुम्ही केस विंचरताय?"

लंबू पांढराफटक पडला. मग लाल झाला. "मी? मुद्दाम? अहो, चौदा पोरं सकाळपासून पाय आवळून बसलीत! वरच्या काकूंच्या जिन्यावर रांग लागलीये! ती ठकी माझ्या बुटात..." त्याने ओला बूट मागे घेतला. "जाऊ दे. तुम्हाला मी असा वाटलो?"

तिने पिशवी उघडली. पान्हा काढला आणि पुन्हा कमोड उचलला. या वेळी टॉर्च तिने स्वतःच्या दातांत धरला, आणि वाकून पायपाच्या वळणात लांब आकडा घातला. काहीतरी मऊ लागलं. तिने ओढलं. चिकट, काळपट, ओघळणारं काहीतरी बाहेर आलं. तिने त्यावर मगभर पाणी ओतलं...

नारंगी कापड. पांढरे ठिपके.

तिच्या जुन्या ओढणीचे तिने दोन तुकडे केले होते. एक आत्ता या क्षणी तिच्या डोक्याला बांधलेला होता. दुसऱ्याचा तिने पहिल्या दिवशी बोळा केला होता, आणि तो काढायचाच राहिला होता. पायपातून घसरून वळणात जाऊन बसला होता. दोनदा पाणी त्याच्या कडेने गेलं, पण मग कागद अडकले, आणखी अडकले... आणि इतके दिवस ती चौदा निरागस पोरांना आणि एका लांबलचक माणसाला खोटारडं ठरवत होती!

लंबूने कापडाकडे पाहिलं. मग तिच्या डोक्याकडे. मग भिंतीकडे.

"मुलांनी टाकलं असेल," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"कापड. चौदा मुलं आहेत, काहीही टाकतात. तुमच्या बाबांना मी फोन करून सांगतो. पोरांचीच चूक, मिस्त्रीची नाही. मग तिसरी खेप धरणार नाहीत ना?"

आणि खरं सांगायचं तर... क्षणभर तिला मोह झाला. फार मोठा मोह. एक फोन, एक थाप, आणि पिशवी तिची. कुणाचं काय बिघडणार होतं?

ठकी दारात उभी होती. बोट तोंडात. तिने सगळं ऐकलं होतं.

"आम्ही नाही टाकलं," ठकी म्हणाली. एवढंच.

मिस्त्रिणीने हात धुतले, फोन काढला, आणि सगळ्यांच्या देखत बोलली. "बाबा, बोळा माझाच होता. पहिल्या दिवशी आत राहिला. यांचं काही चुकलं नाही."

पलीकडे खुर्ची करकरली. मग, "काम पुरं कर. आणि पिशवी घेऊन घरी ये."

ती लंबूकडे वळली. डोळे भरलेले, आवाज मात्र तसाच कडक. "आणि तुम्ही! माझं भलं करायला पोरांवर खोटा आळ घेत जाऊ नका! इतका राग आलाय मला तुमचा, की... की..."

"की काय?"

"की सिमेंट कालवा. पातळ नको!"

पुढचे आठ दिवस ती बाबांच्या नळ-कमोडच्या दुकानात बसून नळांमागे बसतात त्या स्टीलच्या वाट्या आकाराने लावत होती. बोलावणं आलं की कंबर पट्ट्याने आवळून बाबाच कामाला जात, आणि ती मागून दोरी-बादली घेऊन. लंबूचा फोन नाही. येणार तरी कशाला? पाळणाघराचा पाइप तिने असा साफ करून ठेवला होता की त्यातून बोट सोडावी. तिची चिडचिड मात्र रोज वाढत होती. नळांवर, वाट्यांवर, फोनवर. सगळ्यात जास्त फोनवर!

नवव्या दिवशी दुकानाच्या दाराची चौकट ठण्‌कन वाजली.

ती कमोडच्या खोक्यांमागे होती. तिथेच खाली बसली.

"काय तुंबलंय?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," लंबू कपाळ चोळत म्हणाला. "सगळं छान वाहतंय. तीच तर पंचाईत झालीये. आठ दिवस वाट पाहिली, पण आता यायला काही निमित्तच सापडेना... म्हणून तसाच आलो."

बाबांनी चष्मा खाली सरकवला.

"आणि त्या दिवशी टॉर्च माझ्या हातात होता, काका. पायपावर धरायचा होता. मी... दुसरीकडे धरला. त्यांना बोळा दिसणार कसा? अर्धी चूक माझी आहे. पिशवी त्यांना परत द्या."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?"

लंबूने बुटांकडे पाहिलं. खोक्यांमागे तिने ओंजळीत तोंड लपवलं. अहो, वडिलांना कुणी हे सांगतं का? देवा, या माणसाचं मी काय करू!

बाबांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. मग, लेक कुठे लपलीये हे पक्कं ठाऊक असल्यासारखं, खोक्यांकडे बघत म्हणाले, "तीस वर्षांत माझेही दोन बोळे आत राहिलेत. दोन्ही वेळा मी त्या त्या घरच्या पोरांवर ढकललं. एकाला तर बापाने माझ्यासमोर बडवला, आणि मी बघत राहिलो." त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "त्या दिवशी फोन ठेवला आणि ते पोर आठवलं. तुझ्याकडे बघवेना म्हणून आठ दिवस ही पिशवी धरून बसलो होतो. घे, पोरी. मला ही आता जड होते."

ती बाहेर आली. नाक लाल, केसांत थर्माकोलचे गोळे. तिने पिशवी उचलली, बाबांच्या खांद्यावर क्षणभर कपाळ टेकवलं, आणि लंबूसमोर जाऊन उभी राहिली.

"आठ दिवस?" ती म्हणाली. "एवढंसं बोलायला आठ दिवस लागतात?"

"तुम्ही म्हणाला होतात, इतका राग आलाय की... आणि पुढचं सांगितलंच नाही. मी आठ दिवस ते वाक्य पूर्ण करत होतो."

"जमलं?"

"दोन-तीन तऱ्हांनी. त्यातल्या एका तऱ्हेत... तुम्हालाही मी आवडतो."

तिने डोळे मिटले, उघडले. असा बावळट, उंच, खरा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता.

"तीच बरोबर आहे," ती पुटपुटली.

"काय?"

"तीच तऱ्हा! किती वेळा बोलायला लावणार? शेवटचं मूल कधी जातं?"

"सव्वापाचला."

"मग साडेपाचला येते. नुसतीच. आणि हे बघा, त्या ठकीची मला माफी मागायचीये, तिला थांबवून ठेवा."

लंबू हसला, इतका हसला की त्याला दार दिसेना. पण या वेळी तो नीट वाकून बाहेर पडला, तिने बघितलं. मग तरातरा उजवीकडे चालू लागला, हात उगाच हवेत हलवत, समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला नमस्कार करत.

मिस्त्रीण दुकानाच्या पायरीवर धावत आली.

"अहो! पाळणाघर डावीकडे आहे!"