फक्त प्रीतीवहिनीच्या ओळी

त्या खोलीत दोन स्पीकर होते. एक लॅपटॉप, एक माइक, एक हेडफोन. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर ठोकलेल्या चार वाकळा. आणि माणसं तीन.

चौथं कुणी नव्हतं.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण शेवटी तुम्ही हेच विचाराल. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी केलंय. आमच्या घरात देवदेवस्की, भानामती कुणी मानत नाही. तरी हे घडलं, माझ्यासमोर घडलं. उमरग्याला, आमच्याच घरी, गेल्या मार्चमधल्या एका रविवारी.

रात्र नव्हती. भर दुपार होती. हायवेवर ट्रक चालू होते.

माझा मोठा भाऊ अमरदीप भीमगीतं गातो. त्याचं एक गाणं आमच्याकडं जयंतीला हटकून वाजतं. त्यात त्याच्याबरोबर चैतालीवहिनीचा आवाज आहे. त्याची पहिली बायको. तीन वर्षांपूर्वी तापानं गेली.

नंतर दादानं बेंबळीच्या प्रीतीवहिनीशी लग्न केलं. तीही गाते. चांगली गाते.

लग्नानंतरच्या पहिल्याच जयंतीला तिनं मिरवणुकीत डीजेच्या ट्रकवर ते गाणं ऐकलं. आपला नवरा आणि त्याची मेलेली बायको, एकमेकांच्या ओळीला ओळ देत गाताना. लोक बेभान नाचत होते. वहिनी घरी आली आणि न जेवता झोपली.

या वर्षी तिनं सांगूनच टाकलं.

"औंदा ट्रकवर माझा आवाज वाजला पाहिजे. तिचा न्हाय."

म्हणून मी जुन्या गाण्यातून चैतालीवहिनीचा ट्रॅक काढून टाकला. त्याच संगीतावर, त्याच जागी प्रीतीवहिनीनं ओळी गायल्या. आता एकच काम उरलं होतं. लिमिटर निवडायचा.

लिमिटर म्हणजे गाण्याच्या डोक्यावरचं छत. आवाज छताच्या वर जायला लागला की तो तेवढ्यापुरतं सगळं गाणं खाली दाबतो. किती दाबलं ते पडद्यावरच्या काट्यानं, डेसिबलमध्ये दाखवतो. चांगला लिमिटर असला की गाणं न फाटता मोठं करता येतं, आणि ते मिरवणुकीत शेजारच्या ट्रकपुढं टिकतं.

मी चार लिमिटर ट्रायलवर उतरवले होते. जो जास्त मोठा वाजतो तोच कानाला बरा वाटतो, म्हणून चारही लिमिटरचं आउटपुट सारखं केलं. नावं झाकली. दादा आणि वहिनीला समोर बसवलं.

पहिला लावला.

दादाची ओळ ठणठणीत आली. मग वहिनीची ओळ आली आणि...

काटा खाली पडला. चार डेसिबल.

वहिनीचा आवाज दबला. कुणी तोंडावर हात धरावा तसा.

दुसरा लावला. तिथंच, तेवढाच. तिसरा... चौथा...

चार वेगळ्या कंपन्यांचे लिमिटर. एकाच जागी दाबत होते. फक्त प्रीतीवहिनीच्या ओळी.

"भावजी, मुद्दाम करताय व्हय?" वहिनी म्हणाली.

"न्हाय हो वहिनी. मशिनला काय कळतंय कोण गातंय ते?"

"मशिनला न्हाय कळत. तुम्हाला कळतंय की. तुमची लाडकी ती होती. मी आपली बदली कामगार."

"ए घोष्या, नीट बघ जरा," दादा म्हणाला. त्यानं वहिनीकडं बघितलं नाही.

मी नीट बघितलं. वहिनीच्या ओळी छताच्या कितीतरी खाली होत्या. लिमिटरनं हातही लावायला नको होता. कानाला ऐकू न येणारा खालचा आवाज असेल, म्हणून तोही कापला. फरक नाही. वहिनीची ओळ उचलून दादाच्या ओळीआधी ठेवली.

दाबही तिच्याबरोबर सरकला.

एवढा दाब पडायला आवाज मोठा लागतो. कुणीतरी जीव खाऊन ओरडावं इतका.

पण फाइलमध्ये तसं काहीच नव्हतं.

मग मी फरक ऐकायचं ठरवलं. मूळ गाणं आणि लिमिटरमधून गेलेलं गाणं एकमेकांतून वजा करायचं. सारखं असेल ते नाहीसं होतं. लिमिटरनं जे खाल्लं तेवढंच उरतं.

दादाच्या ओळीला पूर्ण शांतता होती. बरोबर.

वहिनीची ओळ जवळ आली...

आणि कुणीतरी श्वास घेतला.

गाणारा माणूस ओळ उचलण्याआधी घेतो, तसा. खोल. शेवटी जरासा अडकलेला.

प्रीतीवहिनीचे सगळे श्वास मी सकाळीच कापून टाकले होते.

दादा उठला. त्याचा चेहरा उतरला होता.

"चहाचं बघून येतो," म्हणाला.

तो दिवे लागेपर्यंत परत आला नाही.

चहा घेऊन आई आली. सुमनबाई म्हणतात तिला सगळे. भिंतीवरची वाकळ जराशी सुटली होती, ती आईनं हातानं सारखी केली. जिवलग माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला.

वहिनी बघत होती.

"आई, ही कशाची शिवलीय वाकळ?"

आईनं चहाचा कप पुढं केला.

"आई, मी विचारतेय."

"चैतालीच्या साड्या होत्या त्या, पोरी. टाकवंना. पांघरायला काढल्या तर अमरला झोप लागंना. म्हणून इथं लावल्या."

माणूस गेलं की त्याच्या कपड्यांची वाकळ आमच्याकडं शिवतातच. त्यात काही वावगं नाही. मला ठाऊक होतं. वहिनीला सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"म्हंजे चारी बाजूनं तीच? आणि मी मधी उभी राहून तिच्या नवऱ्याचं गाणं गायले?"

"तुझा नवराय तो," आई म्हणाली.

"तसं सांगा की तिला!"

वहिनीनं चारही वाकळा खिळ्यांसकट ओढल्या. अंगणात नेऊन टाकल्या. आत आली, माइकसमोर उभी राहिली.

"भावजी, लावा चालू."

मोकळ्या भिंतींत आवाज घुमत होता. ती तशीच गायली. इतकं जीव तोडून गाताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. चैतालीवहिनीपेक्षा चांगली. हे मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण माझी नजर काट्यावर होती.

सहा डेसिबलपेक्षा जास्त दाब दाखवत होता.

शेवटी गाणं लिमिटर न लावताच डीजेवाल्याला दिलं. दुसरा मार्ग नव्हता.

जयंतीच्या संध्याकाळी आमच्या गल्लीच्या ट्रकवर ते लागलं. लिमिटर नसल्यामुळं बारीक वाजत होतं. पुढच्या ट्रकनं ते गिळून टाकलं. पोरं ओरडायला लागली, "अमरदादाचं जुनं लावा! जुनं!"

डीजेवाल्यानं जुनं लावलं.

चैतालीवहिनीची ओळ आली आणि अख्खा चौक नाचायला लागला. दादा ट्रकपाशी उभा होता. त्याचे ओठ हलत होते.

वहिनीनं माझं मनगट धरलं. हात गार होता.

"भावजी, घरी चला."

घरी कुणी नव्हतं. वहिनी लॅपटॉपसमोर माझ्या शेजारी बसली. मिरवणुकीचा आवाज इथपर्यंत येत होता.

"माझा आवाज काढून टाका त्या गाण्यातून."

"वहिनी, असं नका करू. पुढच्या वर्षी..."

"काढा म्हणते ना. माझ्यावर जळते ना ती? मग मी नसल्यावर बघू, गप बसते का."

मी तिच्या ओळी पुसल्या. मग दादाच्या पुसल्या. मग ढोलकी, हार्मोनियम, कोरस. काहीच ठेवलं नाही. पडद्यावर एक सरळ रेघ उरली. गाण्याइतकीच लांब, आवाज शून्य.

ती रेघ चारही लिमिटरमधून पाठवली.

वहिनी पडद्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. अजूनही टाळतो.

दादाच्या ओळींच्या जागी, चारही लिमिटरवर: ०.० डेसिबल.

प्रीतीवहिनीच्या ओळींच्या जागी, चारही लिमिटरवर: ६.२ डेसिबल.