मागे कुणी राहिलंय?

"उद्याच्या टेकडीच्या शर्यतीत सगळ्यांच्या शेवटी राहायचं काम तुझ्याकडे ना?" घड्याळवाल्या काकांनी विचारलं.

"हो ना. शेपूट झालेय मी क्लबची," भिंतीवरच्या खिळ्यांखाली बसलेली पोरगी म्हणाली, तशी बनियनला नंबर टाचत बसलेली बाकीची मंडळी हसली. "पण मी काही रखडत येणार नाही हं काका. अंधार पडायच्या सुमाराला दूधगाडी टेकडीवरून खाली येते. बसेन तिच्यात. कोण बघतंय?"

काका हसले नाहीत. हातातलं शर्यतीचं घड्याळ त्यांनी टेबलावर पालथं घातलं.

"दार लोटून घे," ते म्हणाले. "माझ्या ओळखीच्या माणसावर गुदरलेली गोष्ट आहे. हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या त्यानं मला सांगितली. माझा मीठमसाला नाही त्यात."

हा माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा शिंपी. जानेवारीतला दुसरा शनिवार होता, अमावस्येच्या आदला. दुपारीच दुकानाचं शटर ओढून तो क्लबच्या खोलीवर आला, शेवटच्या माणसाचं पिवळं जाकीट आणि शिट्टी न्यायला. शिट्टी सगळ्यांनाच मिळते. टेकडीवर कुणाचा पाय मुरगळला, कुणाला धाप लागली, की तीनदा वाजवायची. परत आलं की आपापल्या नंबराच्या खिळ्यावर अडकवायची. शेवटचा माणूस मैदानावरच्या चुन्याच्या रेघेपाशी पोचला की काका त्याला विचारायचे, "मागे कुणी राहिलंय?" तो म्हणायचा, "कुणी नाही." मग टेबल मिटायचं, दिवे बंद व्हायचे आणि सगळे घरी.

त्या दिवशी जाकीट घेताना शिंप्याची नजर एका रिकाम्या खिळ्यावर गेली. त्यानं ती पटकन काढून घेतली.

तो खिळा नर्सताईचा. रात्रपाळी करून, दोन घास खाऊन धावायला येणारी हसरी बाई. धावायची हौस दांडगी, वेग मात्र गोगलगायीचा. आदल्या वर्षी ती सगळ्यांत मागे होती आणि तिच्या मागे शिंपी. माथ्यावर वारा नुसता बोचत होता. ती वळणाआड दिसेनाशी झाली आणि मागून दूधगाडी आली. शिंपी बसला. उतारावर खाणीजवळचा छोटा पूल लागतो, तिथं इंजिनाच्या घरघरीत त्याला काहीतरी ऐकू आलं. शिट्टीसारखं. वारा असेल, म्हणून त्यानं गाडीची काच वर केली. मैदानाच्या अलीकडे उतरून तो पळत पळत आला, धापा टाकत.

"मागे कुणी राहिलंय?"

"कुणी नाही."

नर्सताईची आई चहाचा थर्मास घेऊन उभी होती. "आणि माझी लेक?"

"मधूनच घरी गेली असेल हो मावशी. शिट्टीसुद्धा घेऊन गेली बघा."

दुसऱ्या दिवशी ती पुलाखाली सापडली. पाय मोडलेला. थंडीनं गेली. शिट्टी काही मिळाली नाही. चौकशीत शिंप्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, मी सगळी वाट पायी आलो, काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही. मग लोकांची तोंडं सुटली. जमत नव्हतं तर आली कशाला? रस्ता सोडून गेलीच कशाला? तिची आई वर्षभर खाली मान घालून वावरली.

आता जाकीट नको म्हणावं तर लोकांना शंका येणार. म्हणून शिंप्यानं पुन्हा जाकीट चढवलं.

या खेपेला सगळ्यांत मागे होता जाडा पेंटर. "शिंपीदादा, शर्टाचं माप घेताय की काय? किती पाठीला चिकटाल!"

"तुझ्या पोटाला माझी टेप पुरायची नाही. चल, पाय उचल."

हसत हसत दोघं पुलावरून पुढे आले. आणि शिंप्याला मागून ऐकू आलं.

टप… सर्र.

टप… सर्र.

कुणीतरी एक पाय टाकत होतं. दुसरा ओढत होतं.

तो थांबला. ते थांबलं. तो बाजूला झाला, जे असेल ते पुढे जाऊ दे म्हणून. ते पुढे गेलं नाही. पेंटरला काहीच ऐकू येत नव्हतं. तो शीळ घालत उतरून गेला.

शिंपी मैदानात पोचला तेव्हा अंधार पडला होता. चुन्याची रेघ. पलीकडे काका. त्यांच्या शेजारी नर्सताईची आई, हातात तोच थर्मास. मान खालीच.

"मागे कुणी राहिलंय?"

त्यानं तोंड उघडलं. मानेवर गार श्वास लागला… अगदी जवळून.

"बघून येतो," तो पुटपुटला आणि रेघ न ओलांडताच माघारी वळला.

पुलावर त्यानं बॅटरी फिरवली. कुणी नाही. पाठीमागची पावलंही नाहीत. मग खालून शिट्टी वाजली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा फार हळू.

आणि दमलेला, बाईचा आवाज…

"मागे कुणी राहिलंय?"

हो म्हणायचं होतं त्याला. एवढा एकच शब्द. काकांपाशी त्यानं शपथेवर सांगितलं, हो म्हणायलाच तोंड उघडलं होतं. पण वर्षभर घोकलेलं जिभेवर बसलं होतं.

"कुणी… नाही."

खाली शांत झालं.

मग गाडीची काच वर चढते ना, तसा आवाज आला. त्याच्या कानाशी. गाडी कुठेच नव्हती.

बॅटरी विझली. पायाखालचं निसटलं.

शुद्धीवर आला तेव्हा तो पुलाखाली होता. पाय हलेना. त्यानं शिट्टी फुंकली. तीनदा. पुन्हा तीनदा. ओठ फुटेपर्यंत. वर माणसं आली, बॅटऱ्या आल्या, ओळखीचे आवाज आले. तो जीव तोडून फुंकत होता, ओरडत होता. त्याच्या डोक्यावर हातभर अंतरावर उभा राहून पेंटर म्हणाला, "चला रे. इथं कुणी नाही."

रात्रभर… कुणालाच काही ऐकू गेलं नाही.

उजाडल्यावर तो सापडला. नर्सताईचा मोडला होता तोच पाय मोडलेला, उजवा. स्ट्रेचर मैदानात आणलं. नर्सताईची आई रात्रभर तिथून हलली नव्हती. तिला बघताच तो सगळ्यांदेखत रडत ओरडला, "मी गाडीनं आलो होतो, मावशी. शिट्टी ऐकली होती. काच वर केली मी."

आईनं थर्मासचं झाकण काढलं, त्यात चहा ओतला आणि त्याच्या फुटक्या ओठांना लावला.

"पी," ती म्हणाली. "तिच्या वाटणीचा आहे."

तो चहा प्यायला. आणि तिनं वर्षभरानं मान वर केली.

"मग मी शिंप्याची शिट्टी अडकवायला या खोलीत आलो," काका म्हणाले. "कुलूप माझ्याच हातानं लावलेलं. किल्ली रात्रभर माझ्या खिशात. आणि बघतो तर नर्सताईच्या खिळ्यावर शिट्टी होती. चिखलानं माखलेली. ओली."

ती पोरगी हळूच म्हणाली, "आता कुठे आहे ती?"

"जिथं होती तिथंच. काढायची हिंमत कोण करणार? तुझ्या डोक्यावर आहे."

तिनं वर पाहिलं नाही. पिवळं जाकीट छातीशी घट्ट धरून ती तशीच बसून राहिली.

तिच्या मांडीवर उद्याच्या नंबराचा कोरा करकरीत कागद होता. त्यावर वरून पाण्याचा एक थेंब पडला.